बारा ग्रॅमचा जीव आणि तेरा तासांची रात्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी सरते, तुळशीचं लग्न लागतं आणि किनवटकडची हवा पालटते. दुपारी स्वेटर काढून ठेवावा इतकं ऊन आणि दिवेलागणीनंतर शेकोटीशिवाय बसवत नाही असा गारठा. आपण वाकळ ओढून घेतो, गोठ्यातल्या वासराच्या पाठीवर पोतं टाकतो. पण आता पुष्कळ घरांच्या ओसरीवर किंवा गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात आणखी काही जीव असतात. चिमणीहून लहान, लाल किंवा गुलाबी चोचीचे, दिवसभर टिवटिवणारे. त्यांना आपण फिंच म्हणतो. पावसाळ्यात हौसेनं आणलेल्या चार जोड्यांपैकी संक्रांतीपर्यंत एखादीच उरली, अशी तक्रार हे पक्षी पाळणाऱ्यांकडून हमखास ऐकू येते. ‘थंडीनं मेले’ एवढं म्हणून आपण विषय संपवतो. खरं तर नुसत्या थंडीनं मरणारे पक्षी थोडे. थंडीबरोबर वारा, ओल, उपाशी पोट किंवा धूर आला की ते मरतात, आणि या चारही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आज त्याविषयी थोडं बोलू या.

आधी ओळख. आपल्याकडे पाळले जाणारे फिंच प्रामुख्यानं दोन प्रकारचे. पहिला झेब्रा फिंच. हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला. वजन साधारण बारा ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चमचे साखरेएवढं. दुसरा बंगाली फिंच. नाव बंगाली असलं तरी बंगालशी त्याचा फारसा संबंध नाही. पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून चीन आणि जपानमधल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाळून ही जात तयार केली. रानात ती कुठेच सापडत नाही. हे दोघेही आपल्या मुनियेच्या कुळातले. यांच्या जोडीला काही जण जावा चिमण्याही पाळतात.

आता गंमत पाहा. झेब्रा फिंचच्या मूळ मुलखात, मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज भागात, जुलै महिन्यातल्या रात्री पारा शून्याजवळ उतरतो. तरी तिथे हे पक्षी थव्यांनी जगतात. मग आपल्याकडच्या आठ-दहा अंशांत ते का मरावेत? कारण रानातला पक्षी वाऱ्याचा आडोसा शोधतो, झोपण्यासाठी गवताचं घरटं बांधतो, संध्याकाळी पोट भरेपर्यंत फिरतो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला यातलं काहीच करता येत नाही. आपण जिथे टांगू तिथे तो बसतो आणि आपण देऊ तेवढंच खातो. त्याची निवड आपण काढून घेतली, म्हणून ती जबाबदारीही आपलीच.

आपल्या भागाची थंडी

किनवट तालुका पैनगंगेच्या खोऱ्यात, सागाच्या डोंगरांमध्ये वसलेला. १९५६ पूर्वी हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण थंडी दोन्हीकडची एकच राहिली. आजही आदिलाबाद तेलंगणातल्या अतिथंड जिल्ह्यांत मोजला जातो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे, गार वारे वाहतात. आकाश निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देते आणि ढगांचं पांघरूण नसल्यानं ती परत येत नाही. डोंगरउतारावरची गार हवा जड असते, ती पाण्यासारखी ओघळून सखल भागात साचते. म्हणून नदीकाठच्या, नाल्याकाठच्या वस्तीला टेकडीवरच्या वस्तीपेक्षा पहाटे जास्त हुडहुडी भरते. मराठवाड्याची थंडी किती उतरू शकते, याची साक्ष परभणीच्या कृषी विद्यापीठातली वेधशाळा देते. डिसेंबर २०१८ मध्ये तिथला पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता.

पण नुसत्या आकड्यापेक्षा दुपार आणि पहाट यांतला फरक पक्ष्याला जास्त जाच करतो. दुपारी अठ्ठावीस अंश आणि पहाटे आठ, म्हणजे बारा-चौदा तासांत वीस अंशांचा उतार.

रात्रीचा जमाखर्च

पक्ष्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त, एक्केचाळीस अंशांच्या आसपास असते. बाहेर आठ अंश असताना आत एक्केचाळीस राखायचे, तेही बारा ग्रॅमच्या देहात. मोठ्या पातेल्यातलं दूध उशिरा निवतं, वाटीतलं लगेच निवतं. कारण वाटीत दूध थोडं आणि त्या मानानं उघडी बाजू जास्त. फिंच म्हणजे ही वाटी. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे की, भोवतालचं तापमान साधारण तीस अंशांखाली गेलं की झेब्रा फिंचच्या शरीराला ऊब टिकवण्यासाठी जादा इंधन जाळावं लागतं. याचा अर्थ तीस अंशांखाली तो आजारी पडतो असा नाही. अर्थ एवढाच, की जितका गारठा तितकं जास्त खाणं त्याला लागणार.

निसर्गानं त्याला साधनंही दिली आहेत. तो पिसं फुलवतो, म्हणजे पिसांखाली हवेचा थर धरून ठेवतो. आपली रजई याच तत्त्वावर चालते. चोच पाठीच्या पिसांत खुपसतो, एक पाय पोटाशी ओढून घेतो. पायात उतरणारं गरम रक्त आणि पायातून परतणारं गार रक्त यांच्या वाहिन्या शेजारीशेजारी असतात, त्यामुळे ऊब वाटेतच परत शरीरात येते. शेजाऱ्याला चिकटून बसतो. आणि शेवटी स्नायू थरथरवून, म्हणजे कुडकुडूनच, उष्णता निर्माण करतो. या साऱ्याला लागणारं इंधन म्हणजे संध्याकाळी गळ्यातल्या पिशवीत साठवलेलं धान्य आणि अंगावरची थोडीशी चरबी. लहान पक्ष्यांचं वजन एका लांब, थंड रात्रीत पाच ते दहा टक्क्यांनी उतरू शकतं.

डिसेंबरच्या उत्तरार्धात किनवटला रात्र जवळजवळ तेरा तासांची असते. अंधार पडला की फिंच खात नाही. म्हणजे शेवटच्या दाण्यापासून पहिल्या दाण्यापर्यंत तेरा तास. पहाटे, सूर्योदयाच्या सुमारास पारा सगळ्यांत खाली असतो आणि नेमकं तेव्हाच पक्ष्याच्या पोटातलं इंधन संपत आलेलं असतं. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला पक्षी बहुधा या वेळी हरलेला असतो.

म्हणून पहिली काळजी खाण्याची. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या तासभर आधी, धान्याचं भांडं भरलेलं आहे ना हे पाहा. नुसतं बघून फसगत होते. फिंच दाणा सोलून खातो आणि फोलपट भांड्यातच टाकतो, त्यामुळे रिकामं भांडंही भरल्यासारखं दिसतं. वरून फुंकर घाला, मगच खरं काय ते कळेल. रोजचं अन्न राळं. दुकानात ते ‘कांगणी’ या नावानं मिळतं. त्यात थोडी बाजरी मिसळा. थंडीत त्यावर चिमूटभर कारळं द्यावं. ते तेलबी आहे, थोड्या दाण्यांत जास्त इंधन देतं. पण मूठभर नको, यकृतावर चरबी चढते. सकाळी उन्हं आली की पाणी बदला. आंघोळीचं भांडं दुपारी अकरा ते दोन या वेळातच ठेवा आणि नंतर काढून घ्या. भिजलेल्या पिसांत हवेचा थर राहत नाही. ओल्या अंगानं रात्रीला सामोरा गेलेला पक्षी म्हणजे भिजली रजई पांघरून झोपलेला माणूस.

आडोसा आधी, ऊब नंतर

आपण ऊब देण्याची घाई करतो आणि वारा विसरतो. कोरड्या, निवाऱ्याच्या जागी आठ अंशांत फिंच सुखानं राहील. बारा अंशांत, पण रात्रभर वाऱ्याच्या झोतात टांगला तर आजारी पडेल. वारा पिसांखालची गरम हवा सतत पळवून नेतो.

पिंजऱ्याची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला करा. यामागे साधा हिशेब आहे. डिसेंबरच्या अखेरीस किनवटच्या आकाशात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर चढतो. तो असा तिरपा असल्यामुळे दक्षिणेकडे उघड्या पिंजऱ्यात छपराखालूनही ऊन आतपर्यंत पोचतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो आणि तेच छप्पर सावली देतं. अंगणात मोठा जाळीचा पिंजरा बांधायचा असेल तर एवढी एक गोष्ट पहिल्या दिवशी साधा, पुढचे सगळे हिवाळे सोपे जातील.

उत्तर आणि पश्चिम बाजू बंद करायला महागडं काही लागत नाही. तुराट्यांचा कुड घालून त्यावर शेणमाती लिंपली की उत्तम भिंत तयार होते. बांबूच्या ताट्या, कडब्याच्या पेंढ्या, जुनी पोतीही चालतात. फक्त एक जपा. चारही बाजूंनी प्लास्टिकची ताडपत्री गच्च आवळू नका. पक्ष्यांच्या श्वासातली वाफ आत कोंडते, सकाळी जाळीवरून पाणी ठिबकतं, विष्ठेचा उग्र वास साचतो. त्यातून बुरशी आणि श्वासाचे आजार येतात. वारा बसण्याच्या जागेवर येऊ नये, पण छपराजवळ हवा जायला वीतभर फट असावी. रात्री पडदा सोडायचा, सकाळी उन्हं आली की वर गुंडाळायचा.

छप्पर पत्र्याचं असेल तर आणखी एक अडचण. निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि त्याला आतून घाम सुटतो. पत्र्याखाली ताटी किंवा कडब्याचा थर द्या. आणि वर नुसती जाळी असलेला पिंजरा रात्री उघड्यावर कधीच ठेवू नका. जमीन जशी आकाशाकडे उष्णता सोडते तशीच पक्ष्याची पाठही सोडते.

फिंच झोपायला नेहमी सगळ्यांत उंच जागा शोधतो. म्हणून उंच दांडी निवाऱ्याच्या कोपऱ्यात आणि सखल दांड्या उघड्या बाजूला लावा. दांडी लोखंडी सळईची नको. निंबाच्या किंवा निरगुडीच्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावा, म्हणजे पक्ष्याला बोटं गुंडाळून पोटाच्या पिसांखाली झाकता येतील. पक्षी एकटा ठेवू नका. चार जण खेटून बसले की मधल्यांचा खर्च बराच वाचतो.

बल्ब, शेगडी आणि वीज

पिल्लं, नुकतेच आणलेले पक्षी आणि आजारी पक्षी यांना मात्र आडोशाखेरीज वरची ऊब लागते. कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्यांचं ब्रूडर पुष्कळांनी पाहिलं असेल. तत्त्व तेच. पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब लावला की काम होत असे. आता घरोघरी एलईडी दिवे आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. एलईडी लावून ‘दिवा लावला होता तरी मेले’ असं म्हणण्यात अर्थ नाही. जुन्या तारेचा बल्ब मिळाला तर तो, नाही तर पक्ष्यांसाठी मिळणारा, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर घ्या. तो पिंजऱ्याच्या एकाच टोकाला लावा, म्हणजे पक्ष्याला हवं तर जवळ आणि नको तर दूर जाता येईल. भोवती जाळी असू द्या, नाही तर पक्षी त्यावर बसून पाय भाजून घेतो. पोतं किंवा कडबा त्याच्यापासून दूर ठेवा. आग लागायला एक ठिणगी पुरते. आणि पक्षी बसतो त्या उंचीवर एक साधा तापमापक टांगा. धडधाकट पक्ष्यांसाठी पारा दहा-बाराच्या खाली जाऊ न देणं पुरेसं आहे. खोली पंचवीस अंशांची भट्टी करण्याची गरज नाही.

उलट त्यात धोकाच आहे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. रात्रभर पंचवीस अंशांत बसलेला पक्षी पहाटे तीनला वीज गेल्यावर तासाभरात दहा अंशांवर येतो. सवय झालेल्या गारठ्यापेक्षा हा धक्का वाईट. म्हणून विजेवर सगळा भरवसा टाकू नका. बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. चुलीजवळ तापवलेली वीट पोत्यात गुंडाळून ठेवली तर ती आणखी वेळ ऊब धरते.

पण काहीही झालं तरी कोळशाची शेगडी, धुमसती पाटी किंवा रॉकेलचा स्टोव्ह पक्ष्यांच्या बंद खोलीत ठेवू नका. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेनं, अखंड वाहते. त्याला प्राणवायू आपल्यापेक्षा भरभर मिळतो आणि विषही तितक्याच भरभर भिनतं. म्हणूनच इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. ही पद्धत तिथे १९८६ पर्यंत चालू होती. कॅनरी हा फिंचचाच दूरचा भाऊबंद. शेगडीचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. पक्षी आधी जातो, आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसांचाही जीव धोक्यात असतो. डासांची कॉइल, उदबत्तीचा कोंडलेला धूर, अतितापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ यांपासूनही पिंजरा लांब हवा. थंडीत दारं-खिडक्या बंद असतात, म्हणून हे सगळं हिवाळ्यातच जास्त घात करतं.

मडकं लावावं की काढावं?

आपल्याकडे फिंचच्या पिंजऱ्यात छोटी मडकी टांगतात. रात्री झोपायला ती छान, कारण जाड मातीची भिंत आणि आत गवत. पण मडकं दिसलं की फिंच अंडी घालायला लागतो, आणि कडाक्याच्या थंडीत अंडी घालणं मादीला महागात पडतं. गारठलेल्या, चुन्याची कमतरता असलेल्या मादीच्या पोटात अंडं अडकतं. ती पिसं फुलवून तळाशी बसते, जोर करते आणि काही तासांत दगावू शकते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जोड्या लावू नयेत. नर-माद्या वेगवेगळ्या ठेवता आल्या तर मडकी झोपण्यासाठी राहू द्या. ते शक्य नसेल तर मडकी काढा आणि त्याऐवजी पिंजऱ्याच्या उंच कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद, समोरून उघडी फळी लावा. भाजून कुटलेलं अंड्याचं कवच किंवा समुद्रफेन बारा महिने पिंजऱ्यात हवंच. अंडं अडकल्याची शंका आली तर ते ओढून काढायला जाऊ नका. मादीला तीस अंशांच्या उबदार खोक्यात ठेवा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्या.

नवे पक्षी घ्यायचे तर दसऱ्याच्या आधी घ्या. मुंबई-हैदराबादसारख्या शहरांतल्या दुकानात उबेत वाढलेला पक्षी ऐन डिसेंबरात आणून किनवटच्या ओसरीवर टांगला, तर त्याला सवय होण्यापूर्वीच कडाका गाठतो. दिवाळीच्या आधी आलेल्या पक्ष्याला थंडी हळूहळू वाढताना पचवता येते.

आजार ओळखायलाही शिका. रात्री पिसं फुलवणं हे शहाणपण आहे, पण दुपारच्या उन्हात फुलून, डोळे मिटून बसणं हा आजार. झोपलेला निरोगी फिंच बहुधा एका पायावर असतो, आजारी फिंच दोन्ही पायांवर आणि श्वासागणिक शेपटी वरखाली करत. असा पक्षी दिसला की वाट पाहू नका. त्याला वेगळं काढा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ऊब द्या, दाणापाणी जवळ ठेवा. आपल्या भागात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातूनही सल्ला मिळतो.

हिवाळ्यात आणखी एक भान हवं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळ्यांत हा आजार आढळला. म्हणून पिंजऱ्याचं छप्पर जाळीचं न ठेवता बंद ठेवा, म्हणजे वरून जाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा आत पडणार नाही. एकदम अनेक पक्षी मेले तर उघड्या हातांनी उचलू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

रानातली मुनिया रानातच

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. कोणी बाजारात लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया किंवा काळ्या डोक्याची मुनिया ‘देशी फिंच’ म्हणून देऊ केली, तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातले हे पक्षी पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. लाल मुनियेच्या शास्त्रीय नावातला ‘अमंडवा’ हा शब्द अहमदाबाद या नावाचाच अपभ्रंश आहे. शेकडो वर्षांपूर्वी तिथून या पक्ष्यांचा व्यापार चालायचा, तेव्हापासून ते पिंजऱ्यात जात आले. आता तरी ते थांबावं. जावा चिमणी पाळणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर तिची नोंद करायला हवी.

आणि रानातल्या मुनियेकडून शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. पांढऱ्या कंठाची मुनिया आपल्या शिवारात, बाभळीवर, बोरीवर सगळीकडे दिसते. सुगरणीनं सोडून दिलेल्या जुन्या खोप्यात चार-सहा जणी संध्याकाळी शिरतात आणि एकमेकींना खेटून रात्र काढतात. वारा लागत नाही, ओल येत नाही, शेजारणीची ऊब मिळते आणि दिवसभर गवताचं बी खाऊन पोट भरलेलं असतं. त्यांना बल्ब लागत नाही की हीटर. आपल्या पिंजऱ्यात आपण एवढंच जमवून द्यायचं आहे. आज संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी पिंजऱ्यापाशी दोन मिनिटं उभे राहा. गालाला वारा लागतो का ते पाहा, पत्र्याला हात लावून पाहा आणि भांड्यातल्या दाण्यांवर एक फुंकर मारा.